राख, भट्टी आणि रात्रपाळी

प्रायश्चित्तकाळातील पहिल्या रविवारचे प्रबोधन



गेल्या बुधवारी आपण सर्वांनी कपाळावर राख घेतली. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून आपण प्रभूचा जयजयकार केला, त्याच वाळवून आणि जाळून ही राख तयार होते. ती लावताना ख्रिस्तसभा आपल्याला आठवण देते की आपण मातीचे आहोत आणि एक दिवस मातीलाच मिळणार आहोत. त्यानंतर आपण घरी जातो, तोंड धुतो आणि कामाला लागतो. उसाच्या फडात किंवा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर उभे राहिल्यावर कपाळावरची राख कितीशी टिकणार? ती घामाने जाते, रुमालाने जाते. दुपारपर्यंत तिचा मागमूसही राहत नाही.

आज आपण एक साधा प्रश्न मनात घेऊ या. राखेचे पुढे काय होते? तिला पुढे काही होणे आहे, की पुसली गेली म्हणजे संपली?

राखेची काच

आपल्या घरात राखेला फारशी किंमत नाही. पूर्वी चुलीतली राख भांडी घासायला लागे, वांग्या-मिरचीवर कीड पडली तर वर भुरभुरत असत, बाकीची उकिरड्यावर जाई. जळून गेलेल्या वस्तूचे शेवटचे रूप म्हणजे राख, असे आपण धरून चालतो. एखाद्या घराचे वाटोळे झाले की आपण त्याची राखरांगोळी झाली असे म्हणतो, ते याच अर्थाने.

परंतु आपल्यापैकी ज्यांनी साखर कारखान्यात बॉयलरवर काम केले आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. ताप फार वाढला की जळणाची राख वितळते आणि थंड झाल्यावर तिचे दगडासारखे खडे होतात. ते फोडून काढावे लागतात. वीटभट्टीवर राबलेल्यांनीही असे काही पाहिले असेल. आगीच्या अगदी तोंडाशी असलेल्या विटा कधी कधी इतक्या तापतात की वितळून एकमेकींना चिकटतात. त्यांना आपण खंगर म्हणतो. फोडून पाहिले तर त्यांच्या अंगावर काचेसारखी काळपट चकाकी असते. आपल्याकडे हा नुकसानीचा भाग समजला जातो. जपानमधील कुंभारांनी मात्र याच गोष्टीतून एक थोर कला घडवली.

पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून जपानमध्ये एक नव्या प्रकारची भट्टी आली. डोंगराच्या उतारावर बांधलेला लांबट बोगदा, खालच्या तोंडाशी आग आणि वरच्या टोकाला धूर जाण्याची वाट, अशी तिची रचना असते. तिला ‘आनागामा’ म्हणतात. गोवऱ्या, पाचट आणि सरपण यांवर पेटणारा आपल्याकडील कुंभाराचा आवा साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या बोगद्यासारख्या भट्टीत ताप १२०० अंशांच्याही पुढे जातो. त्यासाठी पाइनच्या लाकडाचा मारा दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. लाकूड जळते तशी त्याची राख ज्वाळेबरोबर उडते, भांड्यांच्या मधून वाहते आणि त्यांच्या खांद्यांवर व गळ्यांवर जाऊन बसते. राखेत चुना आणि पोटॅश असते, मातीत वाळूचा अंश असतो. एवढ्या तापात ही द्रव्ये एकमेकांत विरघळतात आणि भांड्यावर काचेचा थर तयार होतो.

आपल्या घरातील लोणच्याच्या बरणीवर जी चकाकी असते तिला झिलई म्हणतात. ती झिलई कारखान्यात मुद्दाम चढवलेली असते. आनागामातील भांड्यावर कुंभार काहीही लावत नाही. कोरी माती आत जाते, आणि बाहेर येते तेव्हा तिच्या अंगावर राखेची झिलई असते. जिथे ज्वाळा थेट लागली तिथे काच दाट असते, पाठीमागची बाजू कोरीच राहते. शिगाराकी या गावातील रांजणांवर ती हिरवट होऊन ओघळते. बिझेन येथील भांड्यांवर राखेचे बारीक पिवळसर ठिपके उमटतात. त्यांना तिकडे ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे आपले तीळ. एकाच चाकावर, एकाच मातीची, एकाच हाताने केलेली दोन भांडी भट्टीतून कधीही सारखी निघत नाहीत.

यात एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. ताप कमी पडला तर राख राखच राहते. ती भांड्यावर बसलेली असते, पण हात फिरवला की निघून जाते. आपल्या कपाळावरची राख बुधवारी दुपारपर्यंत गेली, तिचे कारणही याहून फारसे वेगळे नाही.

मातीचा वाटा

धर्मगुरू होण्यापूर्वी सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकावे लागते. तिथे ॲरिस्टॉटल शिकवताना द्रव्य आणि रूप असा भेद सांगतात. माती हे द्रव्य आणि घडा हे रूप, हे तिथले सोपे उदाहरण. घडा कोणी केला, असे विचारले तर उत्तरही सोपे आहे, कुंभाराने. पण राखेची झिलई कोणी केली, असे विचारले तर उत्तर इतके सोपे राहत नाही. कुंभाराने माती निवडली, भांडे घडवले, भट्टीत त्याची जागा ठरवली आणि लाकूड टाकले. झिलई मात्र त्याने लावली नाही. ती वरून आली. आणि नुसती वरून आली एवढेच म्हणूनही भागत नाही, कारण मातीने आपला अंश दिल्याशिवाय राखेची अशी काच झाली नसती.

दैवी कृपेविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते ते समजायला हे उदाहरण आम्हांला फार उपयोगी वाटते. देवाची कृपा आपण कमावलेली नसते. ती वरून येते आणि कोणावर किती येईल याचा हिशेब आपल्या हाती नसतो. तरीही ती आपल्या अंगावर बाहेरून चिकटवलेला रंग नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीप्रमाणे कृपा मानवी स्वभावाला बाजूला सारत नाही, त्याला पूर्णत्वाकडे नेते. आपली माती जशी आहे तशीच, तिच्यातील खड्यांसह, देव वापरतो. शिगाराकीची माती तर मुळातच खडबडीत आहे. तिच्यातील पांढरे खडे भाजल्यानंतर वर उठून दिसतात. तिथले कुंभार ते काढून टाकत नाहीत. त्यांच्यावरूनच शिगाराकीचे भांडे ओळखले जाते.

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, ही कथा आपल्या परिचयाची आहे. चाकावर बिघडलेले भांडे कुंभाराने फेकून दिले नाही, त्याच मातीचे दुसरे भांडे केले. ओली माती पुन्हा घडवता येते. पण माती आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे. मातीला कोणी विचारत नाही. माणसाला देव विचारतो, आणि त्याच्या होकाराची वाट पाहतो. नाझरेथच्या कुमारीलाही त्याने विचारले होते. हा फरक आपण विसरलो तर कुंभार आणि भांडे ही उपमा क्रूर होऊ शकते. त्याविषयी पुढे बोलू.

प्रत्येक मातीला १२०० अंशांचीच आग हवी, असेही कोणी समजू नये. येत्या चैत्रात आपण कुंभाराकडून नवा माठ आणू. तो कमी तापात भाजलेला असतो म्हणूनच त्याच्या अंगातून पाणी झिरपते, आणि झिरपते म्हणूनच आतले पाणी गार राहते. तो जपानी रांजणासारखा भाजला तर पाणी धरून ठेवील, पण गार करणार नाही. ज्याची त्याची आग वेगळी आणि ज्याचे त्याचे काम वेगळे. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती आणि कुंभाराची भट्टी तिथे सापडली. त्या लोकांनी आपली मेलेली लेकरे दोन घटांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळली. माठाइतक्याच साध्या त्या घटांनी एवढे मोठे दुःख पोटात धरले.

वसईचा संत आणि चहाची खोली

कळस गावच्या चर्चमध्ये जपानच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. पण मराठी ख्रिस्ती माणसाचे जपानशी जुने नाते आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानमध्ये व्यापार करीत होते. तिथली भाषा त्यांना उत्तम येत असे. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले, आणि १५९३ मध्ये पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

ज्या काळात आपला हा वसईकर जपानच्या रस्त्यांवर चालत होता त्याच काळात तिथले लोक या साध्या, राखेच्या झिलईच्या भांड्यांकडे नव्या नजरेने पाहू लागले होते. सेन नो रिक्यू या चहागुरूने आणि त्याच्या शिष्यांनी शेतकऱ्यांच्या घरातील बियाणे-पाण्याची खडबडीत भांडी चहाच्या खोलीत मानाने आणून ठेवली. रिक्यूच्या प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार होता. १५८७ मध्ये श्रद्धा सोड किंवा जहागीर सोड असा पेच उभा राहिला तेव्हा त्याने जहागीर सोडली. १६१४ मध्ये त्याला देशाबाहेर घालवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे त्याचे निधन झाले. २०१७ मध्ये ओसाका येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले.

शिगाराकीच्या भांड्यांवर राखेची जी हिरवी काच साचते तिला जपानी लोक ‘बिदोरो’ म्हणतात. हा शब्द त्यांनी काचेसाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून घेतला. आपण मिस्सा म्हणतो, पाव म्हणतो, ते शब्दही त्याच जहाजांबरोबर आपल्याकडे आले. म्हणजे ही भट्टी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

ईयोबाची खापरी

टोकियोच्या गोतो संग्रहालयात इगा येथे घडवलेले एक जुने पाण्याचे भांडे आहे. भट्टीत त्याचे अंग वाकले, त्याला मोठी भेग पडली आणि वरून राखेची काच सांडली. त्याचे नाव ‘याबुरेबुकुरो’, म्हणजे फाटकी पिशवी. जपान सरकारने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आहे.

हे ऐकले की आपल्याला चटकन बोध काढावासा वाटतो. पाहा, भेगसुद्धा सुंदर असते! संकट आले तरी घाबरू नका, देव तुम्हांला भाजून काढतो आहे! असे प्रबोधन करणे सोपे आहे आणि ऐकायलाही ते बरे वाटते. परंतु बंधू-भगिनींनो, ते पूर्ण सत्य नाही. भट्टीत फुटलेले प्रत्येक भांडे संग्रहालयात जात नाही. जुन्या भट्ट्यांच्या आसपास खापऱ्यांचे ढीग सापडतात. त्यांतल्या बहुतेक भांड्यांना कोणी नाव ठेवले नाही.

पवित्र शास्त्रात असा एक माणूस आहे की जो राखेत बसला आहे आणि ज्याच्या हातात खापरी आहे. तो ईयोब. घर गेले, गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगावर फोड आले, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहिला. राख आणि फुटके भांडे, दोन्ही त्याच्यापाशी आहेत, पण झिलई कुठेच दिसत नाही. त्याचे तीन मित्र आले. त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही. त्या मित्रांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले. तू पाप केले असशील, देव तुला शिकवतो आहे, तू हे सोसायलाच हवे, असे एकामागून एक दाखले त्यांनी दिले. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर रागावला, हे आपण विसरू नये.

आपल्या मराठी मुलखात गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. तेरच्या या कुंभार संताने आपल्या थापटण्याने संतांच्या डोक्यांवर थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहिले, असे सांगतात. ते गोरोबांसारख्या अधिकारी पुरुषाला शोभले. आपण मात्र ऊठसूट थापटणे हातात घेतो. कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाच्या बोअरला पाणी लागले नाही आणि कर्ज थकले, की आपण लगेच थापटून पाहतो. प्रार्थना कमी पडली असेल, कोणाचा तळतळाट लागला असेल, देव परीक्षा पाहतो आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार आपण करतो का?

म्हणून आम्ही स्पष्टपणे सांगतो. माझे दुःख ही माझी भट्टी होती, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने ते भोगले त्यालाच आहे, आणि तोही सगळे निवल्यानंतर. दुसऱ्याच्या दुःखाला भट्टी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला एकच काम दिलेले आहे. त्याच्याजवळ राहायचे.

एका आईची भट्टी

हे कसे, ते कोयामा कियोको या जपानी बाईंच्या जीवनातून पाहू. त्यांचा जन्म १९३६ मध्ये नागासाकी प्रांतातील सासेबो येथे झाला. पुढे त्या शिगाराकीला आल्या आणि मातीकामात रमल्या. त्या काळी हे पुरुषांचे क्षेत्र होते. मोठ्या भट्टीचे काम बाईमाणसाचे नव्हे, असेच मानले जाई. त्यांनी दोन मुलांना एकटीने वाढवले, घराजवळ आनागामा उभारली आणि जुन्या शिगाराकी भांड्यांसारखी राखेची नैसर्गिक झिलई पुन्हा साधण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. अखेर त्यात त्यांना यश आले. त्यांचा मुलगा केनइची हाही कुंभारच झाला.

१९९० मध्ये केनइचीला रक्ताचा कर्करोग झाला. दुसऱ्या कोणाची तरी जुळणारी अस्थिमज्जा मिळाली तरच आशा होती. अशा दात्यांची नोंद ठेवणारी देशव्यापी सार्वजनिक संस्था तेव्हा जपानमध्ये नव्हती. आईने लोकांपुढे हात पसरले आणि दाता शोधण्याची चळवळ उभी राहिली. देशात इतरत्रही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हीच मागणी करीत होते. डिसेंबर १९९१ मध्ये जपानची अस्थिमज्जा बँक स्थापन झाली. केनइचीला मात्र तिचा उपयोग झाला नाही. १९९२ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी तो गेला.

कोयामा बाई त्यानंतरही तीस वर्षे जगल्या. त्या भांडी घडवत राहिल्या, भट्टी लावत राहिल्या आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी अस्थिमज्जेच्या कामात झटत राहिल्या. २००५ मध्ये त्यांच्या जीवनावर जपानी चित्रपट निघाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलाचा मृत्यू ‘चांगल्यासाठी’ झाला, असे कोणी म्हणू नये. आईला तसे कोणी म्हटले असते तर तिने त्याला दारातूनच परत लावले असते, आणि ते योग्यच झाले असते. पण तिच्यावर जी राख पडली ती तिने पुसली नाही आणि ती आगीपासून दूरही झाली नाही. दुसऱ्या आयांची मुले वाचावीत म्हणून ती पुढेही जळत राहिली. आज त्या देशात एखादा अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला आपल्या हाडातला अंश देतो आणि एक जीव वाचतो. राखेची काच होते ती अशी. दुःखाने ती आपोआप होत नाही. दुःखात प्रेम टिकून राहिले तर होते. क्रुसावर आपल्या प्रभूचे जे झाले ते याहून निराळे काय होते? यातनांनी आपल्याला तारले नाही. त्या यातनांतही त्याचे प्रेम विझले नाही, त्या प्रेमाने आपल्याला तारले.

आपली रात्रपाळी

आता भट्टीची शेवटची गोष्ट. आनागामा एकट्याने लावता येत नाही. भट्टी लहान असेल तर चार-पाच दिवस आणि मोठी असेल तर दोन आठवडेसुद्धा आग अखंड ठेवावी लागते. कुंभार, त्याचे कुटुंब, शिष्य आणि शेजारी पाळ्या लावतात. रात्री दोन वाजतासुद्धा कोणीतरी जागे असते, ज्वाळेचा रंग पाहते आणि लाकूड टाकते. एका पाळीला झोप लागली तर ताप उतरतो आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. आपल्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे टाकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. काकवी चुलवाणापाशी बसलेल्या माणसाच्या भरवशावर असते.

आग थांबल्यावरही भट्टी लगेच उघडत नाहीत. तिला कित्येक दिवस सावकाश निवू देतात. घाई केली आणि गार वारा आत शिरला तर चांगले पिकलेले भांडेही तडकते. इथे आपल्या धर्मग्रामाला शिकण्यासारखे बरेच आहे. कोणाकडे मयत झाली की आपण सगळे धावतो. सातव्या दिवसाच्या मिस्सेला चर्च भरते. महिन्याची मिस्सा झाली की मात्र आपण समजतो, आता झाले. त्या घरातील बाई दोन महिन्यांनी रडली तर आपण म्हणतो, अजून किती दिवस? तिची भट्टी अजून निवायची आहे. दार धाडकन उघडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

या प्रायश्चित्तकाळात मांसाहार वर्ज्य करा, उपवास करा, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला या, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि यंदाही सांगतो. त्याबरोबर यंदा एक काम अधिक मागतो. आजच्या मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. त्यात आपापले नाव, वस्ती आणि आठवड्यातील एक वेळ लिहा. कोणाला दुपार जमेल, कोणाला रात्र. आपल्या धर्मग्रामात जिथे दीर्घ आजार आहे, नुकतेच दुःख झाले आहे किंवा एकटे म्हातारपण आहे, अशा घरांना पवित्र सप्ताहापर्यंत आपण पाळीपाळीने सोबत करू. कोणी रुग्णाला दवाखान्यात घेऊन जाईल. कोणी रात्री उशाशी बसेल, म्हणजे घरच्या बाईला चार तास झोप मिळेल. कोणी नुसता डबा पोहोचवील. तरुणांनी रक्तदानासाठी नावे द्यावीत.

जाताना एकच पथ्य पाळा. उपदेश घेऊन जाऊ नका. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा आणि आठवा दिवस टाळा. विचारले तर बोला. प्रार्थना करू का, असे आधी विचारा, आणि नको म्हटले तर मनातल्या मनात करा. त्या घराचा धर्म वा जात विचारू नका. शेजारचे घर आपल्या समाजाचे नसले तरी पाळी चुकवू नका.

ज्या घरी आपण जाऊ त्या घरातील दुःखाची काच होईल की नाही, ते आपल्याला दिसणार नाही. ते पाहणे आपले कामही नाही. कुंभारालासुद्धा भट्टी उघडेपर्यंत काही कळत नाही, आणि आपली भट्टी उघडणारा वेगळा आहे. आपल्या पाळीत आग विझू न देणे एवढेच आपल्या हाती आहे.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू रानात चाळीस दिवस एकटा राहिलास आणि गेथशेमानी बागेत आपल्या मित्रांकडे एका रात्रीची सोबत मागितलीस. ते झोपी गेले. आमच्या वस्तीतही आज कोणीतरी जागे आहे आणि वाट पाहत आहे. आम्हांला उठव. आमच्या कपाळावरची राख पुसली गेली असली तरी तिची आठवण आमच्या मनातून जाऊ देऊ नकोस. जे आगीत आहेत त्यांच्याजवळ आम्हांला बसव. आमच्या ओठांवर मौन आणि आमच्या हातांत काम दे. आणि तुझ्या पुनरुत्थानाच्या पहाटे, तुला योग्य वाटेल तेव्हा, तुझ्या हातांनी प्रत्येक भट्टी उघड. आमेन.

आपला सेवक,
धर्मगुरू